थंडी, तलाव आणि मासोळी



दिवाळी होऊन गेली. कापसाची वेचणी चालू आहे, तूर फुलावर आली आहे, गव्हा-हरभऱ्याला पाणी देणे सुरू झाले आहे. सकाळी शेकोटीजवळून उठावेसे वाटत नाही. अशा दिवसांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील तलावांवर पोट भरणारे भोई आणि ढीवर बांधव एक तक्रार हमखास करतात. "काय सांगू जी, रातभर जाळं टाकलं, सकायी पाह्यलं तं दोन-चारच मासोया. तय्यात मासोयी राह्यलीच नाही." पुसदजवळचे पूस धरण घ्या, दिग्रसकडचे अरुणावती घ्या, बाभूळगावकडचा बेंबळा घ्या, पैनगंगेवरचे इसापूर घ्या, नाहीतर तुमच्या गावचा लहानसा पाझर तलाव घ्या. कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला की ही तक्रार सगळीकडे ऐकू येते.

मासोळी खरोखरच नाहीशी होते काय? होत नाही. ती तिथेच असते, पण तिचे वागणे बदललेले असते. आपण मात्र पावसाळ्यातलीच जागा, पावसाळ्यातलीच वेळ धरून बसतो. जाळे रिकामे निघाले की मग एक सोपी युक्ती सुचते. बारीक आसाचे जाळे काढायचे आणि सापडेल ते ओढून आणायचे. आस म्हणजे जाळ्याचा डोळा. आजच्या भाषणात मला एवढेच सांगायचे आहे की, थंडीत जाळ्याचा आस बदलू नका. वेळ बदला, जागा बदला, खोली बदला. हे का आणि कसे, ते आता क्रमाने पाहू.

माणसाचे अंग उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सारखेच ऊन असते. माशाचे तसे नाही. जेवढे पाणी गार, तेवढा मासा गार. रोहू, कटला, मृगळ या आपल्या मुख्य माशांना २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी मानवते. अशा पाण्यात ते भरपूर खातात, भराभर वाढतात आणि दिवसभर हिंडतात. पाणी २० अंशांच्या खाली गेले की त्यांची भूक मंदावते, पचन मंदावते आणि हिंडणेही मंदावते. रात्रभर पाण्यात उभे असलेले जाळे स्वतः मासा पकडत नाही. मासा हिंडता हिंडता त्यावर येऊन आदळतो आणि कल्ल्यापाशी अडकतो. मासा हिंडायचाच थांबला तर जाळ्यावर येणार कोण? जाळे रिकामे निघते ते यामुळे. तळे रिकामे झाले असे त्यावरून समजू नये.

जगाच्या पाठीवर असेही देश आहेत, की जिथे हिवाळ्यात तलाव गोठून दगडासारखे घट्ट होतात. फिनलंड, कॅनडा, रशिया या देशांत लोक त्या बर्फावर चालत जातात, बर्फाला भोक पाडतात आणि भोकातून गळ सोडून मासे धरतात. ऐकताना नवल वाटते. वर बर्फ असताना खाली मासा जिवंत कसा? पाण्याचा एक विलक्षण गुण याला कारण आहे. पाणी गार होत जाते तसतसे जड होते, पण ४ अंशांपर्यंतच. त्याहून गार झाले की ते उलट हलके होऊ लागते, आणि बर्फ तर पाण्यावर तरंगतोच. म्हणून तलाव वरून गोठतो आणि तळाशी ४ अंशांचे पाणी उरते. त्या पाण्यात मासे अर्धवट झोपेत हिवाळा काढतात. तिथला कोळी भोक कुठे पाडायचे हे अदमासाने ठरवत नाही. तो आधी दोरीने खोली मोजतो, तळाचा उतार ओळखतो आणि मगच गळ सोडतो.

आपल्याकडे एखाद्या वर्षी कडाक्याची थंडी पडून पारा दहाच्याही खाली उतरतो, पण तलाव काही गोठत नाही. आपल्या पाण्याची चाल वेगळी आहे. पावसाळ्यानंतरच्या कडक उन्हात खोल धरणाचे वरचे पाणी तापते आणि हलके होऊन वरच राहते. खालचे गार, जड पाणी खाली राहते. जणू एकावर एक दोन घोंगड्या अंथरलेल्या. पुढे थंडी पडली की रात्री वरचे पाणी निवते, जड होते आणि खाली बसू लागते. दोन थर हळूहळू मिसळतात. उथळ पाझर तलावात हे मिसळणे जवळजवळ रोजच होते. खोल धरणात ते थंडीच्या सुरुवातीला आठवडे-पंधरवडे चालते. या दिवसांत मासा आपली जागा सतत बदलत असतो, आणि ती जागा सूर्याच्या चालीवरून ओळखता येते.

पहाटे काठाचे उथळ पाणी सर्वांत गार असते. मासा त्या वेळी खोलात असतो. धरण बांधण्याआधी नदीचा जो प्रवाह होता त्याच्या जुन्या पात्रात, डोहात, बुडालेल्या नाल्याच्या तोंडाशी तो थांबतो. ऊन वर आले की उथळ पाणी आधी तापते. साधारण अकरा ते चार या वेळात मासा कोवळ्या उन्हाला बसणाऱ्या माणसासारखा काठाकडे सरकतो. आता कोणता काठ? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून ज्या उताराचे तोंड दक्षिणेला आहे, म्हणजेच तलावाचा उत्तरेकडचा काठ, तिथे ऊन जास्त पडते आणि उत्तरेच्या गार वाऱ्याचा आडोसाही मिळतो. काळी माती किंवा काळा दगड असलेला उतार आणखी लवकर तापतो. उलट उंच झाडीच्या सावलीतला काठ दुपारीही गार राहतो; तिथे जाळे घालून श्रम वाया घालवू नयेत.

यावरून कामाची पद्धत ठरते. पावसाळ्यात संध्याकाळी जाळे टाकून सकाळी काढले की भागत होते. थंडीत उभे जाळे रात्री लावायचे तर ते खोलगट जागेत, जुन्या पात्राच्या कडेने आणि तळाच्या जवळ लावावे. दुपारी उन्हाच्या काठाला फेकजाळे किंवा ओढजाळे चालवावे. मासा आपल्याकडे येत नसेल तर जाळे माशाकडे नेले पाहिजे. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. थंडीत हे तिघेही थोडे खाली सरकतात, तेव्हा जाळ्याचे भार आणि तरंग त्या बेताने बांधावेत.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात पाणी गढूळ असते. दिवाळीनंतर गाळ खाली बसतो, पाणी निवळते, आणि माशाला जाळे दिसू लागते. म्हणून जाड दोऱ्याच्या पांढऱ्या जाळ्यापेक्षा बारीक धाग्याचे, पाण्यात न दिसणारे जाळे या दिवसांत बरे. चांदण्या रात्रीपेक्षा अंधाऱ्या रात्री मासा जास्त लागतो, हा जुन्या माणसांचा अनुभवही याच कारणाने खरा आहे.

जुन्या माणसांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या मोठ्या धरणांच्या पोटात गावे, शेते, आमराया आणि विहिरी गेल्या आहेत. पूस धरणाचेच पाहा. ते १९७१ मध्ये पूर्ण झाले. त्याआधी ती जमीन ज्यांनी पायाखाली घातली होती, त्यांना नाला कुठून वळत होता, बांध कुठे होता, चिंचेचे झाड कुठे होते हे ठाऊक होते. अशी माणसे आता थोडी उरली आहेत. मासेमाराला त्या माहितीएवढा चांगला नकाशा दुसरा मिळणार नाही. बुडालेल्या बांधाच्या आडोशाला मासा सापडतो, आणि बुडालेल्या झाडाच्या खुंटात जाळे फाटते, ही दोन्ही ठिकाणे आधी कळलेली बरी. तरुण मंडळींनी त्यांच्याजवळ बसून हे विचारून घ्यावे आणि कागदावर मांडून ठेवावे.

आता आसाचा विषय घेऊ, कारण खरा नफा-तोटा तिथे आहे. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे वाहत्या नदीचे मासे. साठलेल्या तळ्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून, विशेषतः बंगालकडून, आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण करून दाखवली. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले. तो दिवस आता देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तुमची सहकारी संस्था पैसे भरून जी बोटुकली आणते ती अशा केंद्रांतली. बोटाएवढे पिल्लू म्हणून बोटुकली. ती श्रावण-भाद्रपदात तलावात सोडली जाते आणि थंडी लागेपर्यंत अर्ध्या वितेची, फार तर वीतभर होते. बारीक आसाच्या जाळ्यात नेमकी हीच पोरे येतात.

हिशेब करून पाहू. अशी दहा पोरे धरली, प्रत्येकी शंभर ग्रॅम, तर वजन भरले एक किलो. तीच दहा सोडून दिली आणि पुढल्या दिवाळीपर्यंत त्यांतली निम्मी पाणकावळ्याने खाल्ली, मेली, निसटली असे धरले तरी पाच उरतात. प्रत्येकी पाऊण किलो धरली तरी पावणेचार किलो होतात. शिवाय मोठ्या माशाला बाजारात भाव चढा मिळतो तो वेगळाच. शेतकरी कितीही अडचणीत आला तरी पेरलेले बी उकरून खात नाही. मार्गशीर्षात बोटुकली विकणे म्हणजे तेच करणे होय. जाळ्याचा आस ताणून मोजल्यावर दहा सेंटिमीटरच्या आसपास असला, तर साधारण किलोच्या आतबाहेरचा मासा अडकतो आणि पोर निसटून जाते. ओढजाळ्यात पोरे आलीच, तर ती कोरड्यावर न टाकता पाण्यातच मोकळी करावीत.

मात्र याला एक अपवाद आहे. जो लहान तलाव माघ-फाल्गुनात आटतो, तिथे पुढल्या दिवाळीचा हिशेब चालत नाही. रब्बीच्या पाण्याचा उपसा किती होणार हे शेतकऱ्यांशी आधी बोलून घ्यावे आणि पाणी गुडघाभर होण्यापूर्वी मासा काढून घ्यावा. शेवटी चिखलात तडफडून मेलेला मासा ना संस्थेच्या कामाचा, ना गावाच्या. शेतकरी आणि मासेमार यांनी दिवाळीनंतर एकदा एकत्र बसून पाण्याचा हिशेब मांडला, तर पुढचे तंटे बरेच टळतील.

सुरुंगाची दारू फोडून किंवा विष कालवून मासे मारण्याबद्दल दोन शब्द. आपल्या देशात हे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्यात मोठ्याबरोबर लहान मरते, अंडी मरतात, आणि तेच पाणी गुरे पितात, माणसे पितात. विजेची तार पाण्यात सोडण्याचा प्रकार तर माशाआधी माणसाचा जीव घेणारा आहे.

हौसेने किंवा घरच्या कालवणापुरता गळ टाकणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी थंडीत पहाटेची घाई करू नये. दुपारची वेळ धरावी. भूक मंद असल्याने मासा मोठा घास घेत नाही. गळ लहान, आमिष लहान. कणकेत थोडी ढेप मळून केलेली हरभऱ्याएवढी गोळी किंवा गांडुळाचा तुकडा पुरे. रोहू या दिवसांत ओढ देत नाही, नुसता स्पर्श करतो. तरंग किंचित हलला तरी सावध असावे. मरळ मात्र वेगळ्या जातीची. ती पाण्यावर तोंड काढून हवेतून श्वास घेते. गवताळ, लव्हाळ्याच्या उथळ पाण्यात दुपारी तिचा बुडबुडा दिसला की तिथेच गळ सोडावा.

आता एका संकटाकडे वळतो. खोल पाण्याचे थर मिसळतात असे मघाशी सांगितले. तळाशी पाला, शेण, गाळ कुजलेला असतो आणि तिथल्या पाण्यात प्राणवायू फार थोडा असतो. दोन-तीन दिवस आभाळ आले, गार वारा सुटला की ते पाणी एकदम वर येते. मग पहाटे मासे पाण्यावर तोंड उघडून धापा टाकताना दिसतात. कोणी विष घातले अशी शंका घेऊन गावात भांडणे लागण्याआधी हे कारण तपासून पाहावे. शेततळे किंवा लहान तलाव असेल तर खाद्य आणि शेणखत ताबडतोब बंद करावे, पंपाने पाणी उंचावरून त्याच तळ्यात पाडावे, म्हणजे त्यात हवा मिसळते, आणि विक्रीजोगा मासा काढून घ्यावा. एरवीही थंडीत शेततळ्यातील खाद्य निम्म्यावर आणावे. मासा खात नसताना टाकलेली ढेप तळाशी कुजते आणि हेच संकट ओढवून आणते.

दुसरे संकट म्हणजे अंगावर लाल चट्टे पडून पुढे खोल जखमा होणे. हा रोग भारतात १९८८ मध्ये आला. पाण्यातली एक बुरशी त्याला कारण आहे, आणि पावसाळा संपून पाणी गार होऊ लागले की तो उसळतो. मरळ आणि लहान मासे त्याला आधी बळी पडतात. असा मासा दिसला तर तो पुन्हा पाण्यात टाकू नये. दूर खड्ड्यात चुना टाकून पुरावा. त्या तलावातले जाळे चांगले उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या तलावात घालू नये. तळ्यात चुना किंवा भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने काढलेले सिफॅक्स हे औषध किती घालावे, ते पाणी मोजून ठरते. त्यासाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारावे.

माशाइतकीच माणसाची काळजी घ्यायला हवी. थंडीच्या पहाटे पाण्यावर धुके असते, बोटे बधिर होतात, आणि थर्माकोलच्या तुकड्यावर किंवा ट्यूबवर बसून एकटा माणूस खोल पाण्यात जातो. जाळ्याची दोरी कमरेला किंवा मनगटाला कधीही बांधू नये. जाळे खुंटात अडकले आणि तोल गेला तर तीच दोरी खाली ओढते. दोघांनी मिळून जावे, अंगात हवा भरलेली किंवा तरंगणारी बंडी असावी, आणि कोणत्या बाजूला जातो आहोत हे घरी सांगून जावे. घरच्या बाईमाणसांनी यासाठी हट्ट धरला तर तो मानावा.

मासा धरला म्हणजे काम संपले असे नाही. बर्फ आपल्या तलावावर नसतो. तो आपल्या टोपलीत हवा. थंडी आहे, मासा टिकेल, असे समजून पुष्कळजण हिवाळ्यात बर्फ घेत नाहीत आणि दुपारी बाजारात पडेल भावाने माल देऊन मोकळे होतात. मार्गशीर्षाचे ऊन दुपारी चांगलेच चटकते. मासा स्वच्छ पाण्याने धुऊन, एक थर बर्फ आणि एक थर मासा असा भरावा. जेवढा मासा तेवढाच बर्फ, हे प्रमाण ठेवावे. मार्गशीर्षातले गुरुवार पाळणारी घरे पुष्कळ आहेत. तेव्हा बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी बाजारात माल जाईल असा जाळ्याचा बेत ठेवला तर भाव पडत नाही.

आता शिक्षक मित्रांसाठी. वरच्या बऱ्याच गोष्टी शाळेला स्वतः तपासून पाहता येतील, आणि त्याला खर्चही फारसा नाही. एका काचेच्या बाटलीला खाली दगड बांधा. बुचाला एक दोरी आणि बाटलीच्या गळ्याला दुसरी दोरी बांधा. गळ्याच्या दोरीला हाता-हातावर गाठी मारा. बाटली हव्या त्या खोलीवर सोडून बुचाची दोरी झटक्याने ओढली की त्या खोलीचे पाणी आत शिरते. ती भराभर वर काढून तापमापी घाला. वरचे आणि खालचे, सकाळी सातचे आणि दुपारी दोनचे, असे तापमान दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आठवड्यातून एकदा वहीत मांडा. डब्याचे वीतभर रुंद झाकण पांढरे रंगवून दोरीने पाण्यात सोडा. ते दिसेनासे होईल ती खोली मोजली की पाणी किती निवळले हे कळते. हे काम होडीतल्या अनुभवी माणसाकडून करून घ्यावे. मुलांना काठावरच ठेवावे, नोंद त्यांनी करावी.

या वहीचा उपयोग शाळेपुरता राहणार नाही. कोणत्या आठवड्यात वरचे-खालचे पाणी सारखे झाले, कोणत्या दिवशी मासे धापा टाकू लागले, त्या दिवशी कोणाच्या जाळ्यात किती मासा आला, हे दोन-तीन हिवाळे मांडले की आपल्या गावच्या तलावाचे पंचांगच तयार होईल. बाहेरून आलेल्या कोणत्याही पुस्तकात ते सापडणार नाही. वर्गात ढीवराचा किंवा भोयाचा मुलगा असेल, तर त्याच्या बापाला एक दिवस शाळेत बोलवावे आणि मुलांना त्याचे जाळे दाखवावे. आपल्या बापाला जे येते तेही ज्ञान आहे, हे त्या मुलाला त्या दिवशी कळेल.

तेव्हा उद्या जाळे रिकामे निघाले तर लगेच बारीक आसाकडे हात जाऊ देऊ नका. ऊन वर येऊ द्या, उत्तरेचा काठ पाहा, जुन्या पात्राची खोली मोजा. आणि वीतभर पोर हाती आले तर त्याला पाण्यात सोडून द्या. पुढल्या दिवाळीला ते मोठे होऊन तुमच्याच जाळ्यात येणार आहे.